संगणकाचे 'अपग्रेड' आणि वायफायची धरसोड : एक निदानविचार

पादऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी वैद्यकीय व्यवसाय करणाऱ्यास संगणक ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. क्षयरोग्याची नोंद शासनास कळविणे मे २०१२ पासून बंधनकारक झाले आणि ती 'नि-क्षय' या प्रणालीवर करावी लागते. आयुष्मान भारत योजनेखालील पूर्वमंजुरी संगणकावरूनच मागवावी लागते. दूरस्थ सल्ल्यास २५ मार्च २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनी अधिकृत चौकट मिळाली. या सर्वांहून निकडीची गोष्ट म्हणजे छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाचा ईसीजी. तो दहा मिनिटांत निघावा व वाचला जावा, असा दंडक आपण सारेच मानतो. वाचणारा हृदयरोगतज्ज्ञ बडोद्यात आणि रुग्ण पादऱ्यात, अशा वेळी मधला दुवा वायफाय हाच असतो. तो दुवा ऐनवेळी तुटला आणि दारातून "साहेब, नेट गयुं" अशी कंपाउंडरची हाक आली, म्हणजे काय वाटते हे सुज्ञ वाचकांस निराळे सांगावयास नको.

विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. त्यामुळे त्या दिवाळीच्या आगेमागे आपल्यापैकी अनेकांनी आपापल्या दवाखान्यातील संगणकांवर विंडोज ११ चढवून घेतले. त्यानंतर एक तक्रार माझ्या कानी वारंवार येऊ लागली : "अपग्रेड केल्यापासून वायफाय टिकत नाही." मी संगणकशास्त्राचा पदवीधर नव्हे. परंतु या तक्रारीचा उलगडा आपल्याच पद्धतीने, म्हणजे इतिवृत्त, तपासणी, विभेदक निदान आणि मगच उपचार या क्रमाने होऊ शकतो, असा माझा अनुभव आहे.

भाषेविषयी एक शब्द. १९३१ साली बडोदे संस्थानाने 'श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु' हा राज्यव्यवहारातील संज्ञांचा बहुभाषी कोश प्रसिद्ध केला. त्या परंपरेत वाढलेल्या माणसाने 'राउटर' व 'ड्रायव्हर' यांना प्रतिशब्द घडवावेत हे खरे. पण संगणक दुरुस्त करणारा मुलगा ते समजणार नाही, म्हणून रूढ शब्दच योजतो.

प्रथम इतिवृत्त. नेट जाते म्हणजे नेमके काय होते? वायफायचे चिन्हच नाहीसे होते, की चिन्ह असते पण पाने उघडत नाहीत? एकाच संगणकावर होते, की सर्वांवर? ठरावीक वेळी होते का? संगणक काही वेळ नुसता पडून राहिल्यावर होते का? या चार प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मे निदान झाले. यांतील सर्वांत मोलाची चाचणी फुकटची आहे. ज्या टेबलावर संगणक आहे त्याच टेबलावर आपला मोबाइल त्याच वायफायवर चालवून पाहावा. मोबाइलही अडखळत असेल तर दोष राउटरचा वा बाहेरच्या जोडणीचा आहे आणि अपग्रेडचा त्याच्याशी संबंध नाही. मोबाइल सुरळीत व संगणक तेवढा अडखळतो, तर व्याधी संगणकातच शोधावी. जोडीला संगणक केबलने राउटरला लावून पाहावा. केबलवर सारे ठीक चालले की बिघाड बिनतारी भागातच आहे, हे निश्चित होते.

यापुढची तपासणी 'पिंग' या आज्ञेची. विंडोजच्या शोधपेटीत इंग्रजीतून 'सीएमडी' ही तीन अक्षरे लिहिली की काळी खिडकी उघडते. तीत 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली असता 'डिफॉल्ट गेटवे' या नावापुढे राउटरचा पत्ता दिसतो. बहुधा तो १९२.१६८ ने सुरू होतो. मग 'पिंग' हा शब्द, तो पत्ता व शेवटी आडवी रेघ आणि टी हे अक्षर लिहावे. संगणक राउटरला सेकंदागणिक हाक मारीत राहतो व उत्तरास किती मिलिसेकंद लागले ते लिहितो. दुसऱ्या खिडकीत तशीच हाक बाहेरच्या जगातील एखाद्या पत्त्यास, जसे की गूगलच्या ८.८.८.८ ला, मारावी. राउटर नीट उत्तर देतो आणि बाहेरचा देत नाही, तर पुरवठादारास फोन करावा. राउटरच मधूनमधून मुका होत असेल, तर आपला संगणक व राउटर यांमधील हवेतील दुवा आजारी आहे. दोन्हीकडून उत्तरे येतात आणि तरी संकेतस्थळे उघडत नाहीत, तेव्हा नावाचे पत्त्यात रूपांतर करणारी डीएनएस ही सेवा तपासावी. आणि 'आयपीकॉन्फिग'मध्ये संगणकाचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर राउटरकडून त्यास पत्ता मिळालेलाच नाही, असे समजावे.

याहूनही उपयुक्त असे एक साधन विंडोजमध्ये आहे आणि ते फारच थोड्यांस ठाऊक आहे. काळी खिडकी प्रशासकाच्या अधिकाराने उघडून 'नेटएसएच', 'डब्ल्यूलॅन', 'शो' आणि 'डब्ल्यूलॅनरिपोर्ट' हे चार शब्द ओळीने लिहिले असता गेल्या तीन दिवसांचा वायफायचा आलेख तयार होतो. जोडणी केव्हा झाली, केव्हा तुटली, कोणत्या कारणाने तुटली, सारे त्यात असते. रुग्ण खोलीत असताना नाडी नियमित आणि घरी गेल्यावर धडधड, अशा वेळी आपण होल्टर लावतो. हा वायफायचा होल्टर होय.

आता एक प्रत्यक्ष उदाहरण. पादऱ्यातील एका व्यवसायबंधूंच्या छोट्या रुग्णालयात अपग्रेडनंतर सल्लाकक्षातील लॅपटॉपचे वायफाय धरसोड करू लागले. संगणकाची बनावट, पुरवठादार, विक्रेता यांची नावे येथे अप्रस्तुत आहेत, कारण दोष कोणा एकाचा नव्हता. त्यांनी तोवर नवा राउटर विकत घेतला होता. फरक पडला नाही. एके सायंकाळी पन्नाशीच्या एका शेतकऱ्याचा ईसीजी बडोद्यास जाता जाता अडकला. अखेर कागदाचा मोबाइलने फोटो काढून पाठविला गेला. रुग्णास वेळेत उपचार मिळाले, पण डॉक्टरांची झोप उडाली, आणि मला निरोप आला.

मोबाइल त्याच टेबलावर ठीक चालत होता. केबलवर लॅपटॉपही ठीक होता. पिंगमध्ये राउटरचेच उत्तर तुटत होते. तीन दिवसांचा आलेख काढला तेव्हा मात्र दोन निरनिराळे आकृतिबंध दिसले. दुपारी, लॅपटॉप बॅटरीवर पडून राहिल्यानंतर, जोडणी एकदम तुटत होती. सायंकाळी पाच ते सातच्या दरम्यान ती पंधरा-वीस मिनिटांच्या टप्प्यांनी बिघडत होती, तेही लॅपटॉप वापरात असताना. सर्व लक्षणांस एकच कारण शोधावे ही ऑकमची शिकवण आपण विद्यार्थिदशेत पाठ करतो. एका रुग्णास दोन व्याधी असू शकतात, हा हिकमचा प्रतिवाद व्यवसायात पडल्यावर कळतो. येथे हिकमच खरे ठरले.

दुपारच्या तक्रारीचे मूळ ऊर्जाबचतीत होते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये वायफायच्या उपकरणावर उजवी कळ दाबून गुणधर्म उघडले असता ऊर्जाव्यवस्थापनाच्या पानावर एक चौकट असते. वीज वाचविण्यासाठी हे उपकरण बंद करण्याची मुभा संगणकास आहे, असा तिचा अर्थ. अपग्रेडनंतर तीत पुन्हा खूण आली होती. ती काढली. काही नव्या लॅपटॉपवर हे पान दिसतच नाही, तेथे उत्पादकाच्या स्वतःच्या ऊर्जासेटिंगमध्ये पाहावे लागते.

सायंकाळच्या तक्रारीने अधिक वेळ घेतला. भिंतीपलीकडे काय आहे, असे विचारता कळले की तेथे फिजिओथेरपीची खोली असून सायंकाळी तीत मायक्रोवेव्ह डायथर्मी चालते. शॉर्टवेव्ह डायथर्मी २७.१२ मेगाहर्ट्झवर चालते, तिचा येथे प्रश्न नाही. मायक्रोवेव्ह डायथर्मी मात्र २४५० मेगाहर्ट्झवर चालते, म्हणजे नेमकी वायफायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात. स्वयंपाकघरातील मायक्रोवेव्ह भट्टीही तेथेच आणि ब्लूटूथही तेथेच. हा पट्टा उद्योग, विज्ञान व वैद्यक यांसाठी राखलेला असून भारतात २००५ पासून वायफायसाठीही परवान्याविना खुला आहे. तेव्हा येथे खरे घरमालक आपण वैद्यक मंडळी, आणि वायफाय हा भाडेकरू!

डायथर्मी तर कित्येक वर्षे चालू होती, मग त्रास आताच का? अपग्रेडपूर्वी लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर जोडला जाई, तेथे डायथर्मीचा उपद्रव पोहोचत नाही. अपग्रेडच्या वेळी उत्पादकाच्या ड्रायव्हरच्या जागी सर्वसाधारण ड्रायव्हर आला आणि पसंतीच्या पट्ट्याची जुनी निवड पुसली गेली. ड्रायव्हर म्हणजे प्रणाली व उपकरण यांमधील दुभाष्या. नवा दुभाष्या भाषा जाणत होता, पण घरातील रीत जाणत नव्हता. दोन्ही पट्ट्यांचे नाव राउटरवर एकच असल्याने लॅपटॉप कोणत्या पट्ट्यावर आहे, हे वरवर पाहून कोणास कळणेही शक्य नव्हते. लॅपटॉपच्या मॉडेलचा मूळ ड्रायव्हर उत्पादकाच्या संकेतस्थळावरून उतरवून बसविला आणि गुणधर्मांच्या प्रगत पानावर ५ गिगाहर्ट्झला पसंती दिली. त्यानंतर डायथर्मी चालू ठेवून अर्धा तास, आणि पुढे रात्रभर, पिंग चालू ठेवले. एकही हाक अनुत्तरित राहिली नाही.

येथे व्यवहारातील एक अडचण सांगितली पाहिजे. ज्या संगणकाचे नेट गेले आहे त्यावर नवा ड्रायव्हर उतरविणार कसा? मोबाइल साध्या चार्जिंगच्या केबलने संगणकास जोडून 'यूएसबी टेदरिंग' चालू केले की मोबाइलचे नेट संगणकास मिळते आणि वायफायची गरज उरत नाही. ड्रायव्हर अगोदरच पेन ड्राइव्हवर घेऊन ठेवला तर उत्तमच. ताजा ड्रायव्हरच बिघाडाचे मूळ असेल, तर 'रोल बॅक ड्रायव्हर' ही कळ जुना परत आणते. जुना शिल्लक नसेल तेव्हा ती कळ फिकी दिसते.

अशा तक्रारी नव्या नाहीत. २०१५ मध्ये विंडोज १० आले तेव्हा काही संगणकांवर जुन्या व्हीपीएन सॉफ्टवेअरचे अवशेष राहून नेट बंद पडत असे. व्हीपीएन काढून पुन्हा बसविणे हा त्यावरचा इलाज होता. डिसेंबर २०१६ मध्ये ब्रिटनमधील अनेकांच्या संगणकांस पत्ताच मिळेनासा झाला. तेव्हा सल्ला दिला गेला तो संगणक 'रीस्टार्ट' करण्याचा, 'शट डाउन' करून पुन्हा लावण्याचा नव्हे. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे. 'फास्ट स्टार्टअप' चालू असता शट डाउनमध्ये प्रणालीचा गाभा तसाच जपून ठेवला जातो, खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते. डिसेंबर २०२३ मध्ये विंडोज ११ च्या एका अद्यतनाने विद्यापीठे व कार्यालये यांच्या वायफायवर असाच घोळ झाला आणि मायक्रोसॉफ्टने तो बदल काही दिवसांतच मागे घेतला. तेव्हा अद्यतनानंतर लगेच उद्भवलेला बिघाड सार्वत्रिक आहे का, हे विचारून घ्यावे आणि मगच पदरचे पैसे खर्चावे.

दवाखान्याच्या जागेचाही विचार हवा. एक्स-रे खोलीच्या भिंतीतील शिशाचा पत्रा वायफायची लहर अडवतो, लसींचा फ्रीजही अडवतो. राउटर त्यांच्या आड ठेवू नये. जुन्या घरांच्या जाड भिंतींतून ५ गिगाहर्ट्झ कमी पोहोचते, २.४ अधिक. म्हणून सर्वांस सरसकट ५ चा उपचार लागू पडत नाही. २.४ वर राहणे भागच असेल तर १, ६ व ११ या परस्परांवर न चढणाऱ्या तीन वाहिन्यांपैकी शेजाऱ्यांच्या राउटरनी कमी व्यापलेली वाहिनी निवडावी. बॅकअपची यूएसबी ३ जातीची डिस्क लॅपटॉपला खेटून लावलेली असल्यासही या पट्ट्यात गोंगाट होतो. इंटेलने २०१२ मध्येच हे मोजून प्रसिद्ध केले आहे. डिस्क लांब केबलने दूर ठेवली की पुरते.

राहता राहिली दोन मोठी आयुधे. 'नेटवर्क रीसेट' ही कळ सर्व जोडण्या पुसून नव्याने मांडते. संगणक दुरुस्तीवाले ती प्रथम दाबतात, माझ्या मते ती सर्वांत शेवटी दाबावी. तिने वायफायचे सांकेतिक शब्द व व्हीपीएन तर जातातच, पण रक्ततपासणीच्या यंत्राशी बोलण्यासाठी संगणकास कायमचा पत्ता दिलेला असेल तर तोही जातो आणि प्रयोगशाळेचे अहवाल यंत्रातच अडकून पडतात. असे पत्ते आधी कागदावर उतरवून घ्यावेत. दुसरे आयुध म्हणजे जुन्या प्रणालीकडे परत जाणे. 'गो बॅक'ची सोय अपग्रेडपासून दहा दिवसच असते. म्हणून अपग्रेडनंतरच्या आठवड्यात संगणक सायंकाळच्या गर्दीतही वापरून पाहावा, फक्त रविवारी नव्हे.

आमच्या त्या व्यवसायबंधूंकडे एक गोष्ट शिल्लक होती. त्यांचे ईसीजी यंत्र केवळ २.४ गिगाहर्ट्झच जाणते, अशी पुष्कळ यंत्रे आहेत. त्यास पट्टा बदलून देता येईना आणि डायथर्मी बंद करणेही शक्य नव्हते. मग यंत्रास केबलची खाच आहे असे ध्यानात आले. दुसऱ्या दिवशी तारवाल्यास बोलावून छताच्या कडेने अठरा मीटर केबल ओढून घेतली आणि ईसीजी यंत्र वायफायवरून कायमचे उतरविले.