वेळासचा मुक्काम

सावित्री नदी जेथे समुद्रास मिळते, तेथे दक्षिण तीरावर बाणकोटचा किल्ला उभा आहे. त्या किल्ल्यापासून थोड्याच अंतरावर, रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, वेळास नावाचे लहानसे गाव आहे. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचे हे मूळ गाव. परंतु फाल्गुन-चैत्रात जी मित्रमंडळी येथे सुटी घालवावयास येतात, त्यांना ओढ असते ती कासवांची.

येथे मुक्काम करावयाचा तो गावकऱ्यांच्या घरी. उंच इमारतीची वा दिव्यांच्या आराशीची अपेक्षा ठेवून कोणी येऊ नये. चिऱ्याच्या भिंती, उतरते कौलारू छप्पर, सारवलेले अंगण आणि मागे माडापोफळींची वाडी! दुपारी पानावर तांदळाची भाकरी, कुळथाचे पिठले आणि वाटीत गुलाबी सोलकढी येते. "लाजू नका रे पोरांनो," असे म्हणत घरधनीण आणखी एक भाकरी वाढते. रात्री पडवीत सतरंज्या अंथरल्या जातात आणि मित्रांच्या गप्पा समुद्राच्या गाजेत विरून जातात.

या घरांची दारे पाहुण्यांस उघडली, ती मात्र कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभरच्या वर अंडी घालते आणि खड्डा बुजवून निघून जाते. पुढे त्या अंड्यांस राखण कोणाची? कोल्हे-कुत्री ती उकरीत. माणसेही खाण्यासाठी व विक्रीसाठी ती काढून नेत. २००२ साली चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' या संस्थेने गावकऱ्यांच्या साहाय्याने संरक्षणाचे काम हाती घेतले. रात्री-पहाटे किनारा धुंडाळून अंडी हलक्या हाताने आणावयाची व कुंपणाच्या आत, मूळच्यासारख्याच खड्ड्यात पुरावयाची, असा क्रम सुरू झाला. पिल्ले पाहावयास लोक येऊ लागले आणि पाहुणचाराचे चार पैसे घराघरांत येऊ लागले. ज्या अंड्याचे पूर्वी एकदाच मोल येई, ते राखल्यास दरवर्षी पाहुणे येतात, हा हिशेब गावास सहज उमगला.

सुमारे पन्नास-साठ दिवसांनी पिल्ले वर येतात. कधी टोपली उचलावी तर खाली नुसती वाळू! मग मंडळी हिरमुसून घरी परततात, यजमान म्हणतात, "संध्याकाळी पुन्हा पाहू."

एखाद्या सकाळी मात्र तळहातावर मावतील एवढी काळसर पिल्ले वाळूवर सोडली जातात. दोरीमागे सारे स्तब्ध उभे राहतात. पिल्लू उजळ क्षितिजाकडे धाव घेते. म्हणूनच रात्री किनाऱ्यावर दिवे नकोत, ते त्यास भुलवितात. हजारांतून एखादेच पुढे मोठे होते, असे जाणकार मानतात. तेवढ्यात लाटेने एक पिल्लू उलटे पडते. मुलांचा जीव कळवळतो, हात पुढे होतो. पण उचलावयाचे नाही, ही येथील शिस्त. पिल्लू पाय झाडते, सुलटे होते आणि पुढच्या लाटेबरोबर दिसेनासे होते.