वजन ओढून धावणे : वाढत्या वयातील खेळाडूंसाठी किती आणि कसे?

जळगाव, धुळे, नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी पांडेसऱ्यात येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांची दुसरी-तिसरी पिढी आज शाळा-महाविद्यालयांत शिकत आहे. डाइंग-प्रिंटिंगच्या मिलमध्ये पाळी करणाऱ्या आईवडिलांची इच्छा असते की, मुलाने क्रिकेट, खो-खो वा धावण्यात नाव काढावे. टाच किंवा गुडघा दुखतो म्हणून माझ्या दवाखान्यात येणाऱ्या अशा मुलांची चौकशी केली असता अनेकदा एकच गोष्ट पुढे येते. ती म्हणजे कमरेला दोर बांधून टायर ओढत, अथवा घोट्याला वाळूच्या पिशव्या बांधून धावण्याचा सराव. पालक विचारतात, "डॉक्टरसाहेब, हे बरोबर की चूक?" या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून हा लेखप्रपंच.

वेग म्हणजे नेमके काय?

बेसबॉलमध्ये एका बेसपासून दुसऱ्या बेसपर्यंतचे अंतर २७.४३ मीटर असते. लहान मुलांच्या मैदानावर ते १८.२९ मीटर ठेवतात. क्रिकेटमध्ये एक धाव घेण्यासाठी एका क्रीजपासून दुसऱ्या क्रीजपर्यंत १७.६८ मीटर पळावे लागते. खो-खोच्या दोन खांबांमधील अंतर सुमारे २४ मीटर. एवढ्या अंतरात खेळाडू आपल्या कमाल वेगापर्यंत क्वचितच पोहोचतो. निकाल लागतो तो पहिल्या आठ-दहा पावलांत, म्हणजे स्थिर अवस्थेतून वेग पकडण्याच्या क्षमतेवर.

या पहिल्या पावलांत शरीर पुढे झुकलेले असते, पाय जमिनीवर अधिक काळ टेकतो आणि जमीन मागे रेटली जाते. मागून ओढ असली की स्नायूंना हाच रेटा अधिक जोराने द्यावा लागतो. वजन ओढण्याच्या सरावामागील शास्त्र एवढेच आहे. त्यामुळे लाभ प्रामुख्याने सुरुवातीच्या वेगात दिसतो, कमाल वेगात तो अल्प असतो. वजनाशिवाय, पण तितक्याच मनापासून व पूर्ण विश्रांती घेऊन केलेल्या सरावाच्या तुलनेत हा लाभ फार मोठा नाही, हेही पालकांना स्पष्ट सांगावयास हवे. ज्याच्यापाशी साधने नाहीत, त्या मुलाचे फारसे काही बिघडत नाही.

वजन कोठे आणि किती?

वजन घोट्याला कधीही बांधू नये. त्याने पाय उचलण्याची लय बदलते आणि गुडघा व जांघ यांवर अवाजवी ताण येतो. वजनाचे जाकीट घातल्यास प्रत्येक पावलाचा जमिनीवरील आघात वाढतो; वाढत्या वयात तो टाळलेला बरा. कमरेच्या रुंद पट्ट्याला दोर बांधून ओढणे हाच त्यातल्या त्यात सुरक्षित मार्ग होय.

टायर किती किलोचा असावा, हा प्रश्नच अपुरा आहे. तोच टायर सिमेंटवर, धुळीत आणि पावसाळ्यातील चिखलात वेगवेगळा जड होतो. म्हणून मोजायचे ते मुलाच्या वेगात पडणारी घट. समजा, एखादा मुलगा मोकळेपणी २० मीटर अंतर ३.६ सेकंदांत धावतो. टायरसह त्याला ४ सेकंद लागले, तर त्याचा वेग १० टक्क्यांनी घटला. नवशिक्या मुलासाठी ही मर्यादा पुरेशी आहे. त्याहून अधिक वेळ लागला किंवा शरीर कमरेत वाकू लागले, तर वजन कमी करावे. प्रौढ खेळाडूंवर याहून पुष्कळ जड वजनाचे प्रयोग झाले आहेत. पण ते पाहून मुलांना जुंपू नये.

आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान ४८ तासांचे अंतर. १० ते २० मीटरच्या चार ते सहा फेऱ्या. प्रत्येक फेरीनंतर दोन मिनिटे विश्रांती आणि शेवटी दोन-तीन मोकळ्या धावा, एवढा सराव सहा ते आठ आठवडे पुरे. दमून जाणे हे येथे उद्दिष्ट नव्हे. दमलेला मुलगा वेग नव्हे, संथपणा शिकतो.

वाढीचे वय

मुलींमध्ये साधारण बाराव्या व मुलांमध्ये चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते. मुलांवरील अभ्यासात असे आढळले आहे की, या टप्प्यापूर्वी वजन ओढून वेगात विशेष फरक पडत नाही. तो पडतो या टप्प्यात व त्यानंतर. दहा-अकरा वर्षांच्या मुलाला पकडापकडी आणि खो-खो हाच उत्तम सराव आहे.

मात्र याच टप्प्यात हाडे आधी लांबतात, स्नायू व कंडरा मागून येतात. कंडरा जेथे वाढत्या हाडाला जोडलेली असते, तेथे ओढ बसते. टाचेत दुखल्यास सेव्हर्स डिसीज आणि गुडघ्याखालील उंचवट्यावर दुखल्यास ऑस्गुड-श्लॅटर, ही दोन निदाने बहुतेक वेळा हाताने तपासूनच होतात. दर तीन महिन्यांनी मुलाची उंची नोंदवावी. ती झपाट्याने वाढत असेल, तर त्या काळात ओझे कमी करावे.

काही लक्षणांकडे मात्र दुर्लक्ष नको. रात्री झोपेतून उठवणारी वेदना, सूज, ताप, लंगडणे किंवा धावताना जांघेत अचानक 'कट्' असा आवाज होऊन पाय टेकता न येणे, यांपैकी काही असल्यास एक्स-रे आवश्यक आहे. गुडघा दुखतो म्हणणाऱ्या मुलाचा खुबाही तपासावा, कारण खुब्याचा विकार पुष्कळदा गुडघ्यात दुखतो.

सिकलसेलची आठवण

नंदुरबार, डांग, तापी व सुरत जिल्ह्यांतील आदिवासी समाजात सिकलसेलचे प्रमाण लक्षणीय आहे. केवळ वाहक असलेली व्यक्ती एरवी पूर्ण निरोगी असते. परंतु उकाड्यात, पाणी कमी पिऊन, विश्रांतीविना एकामागून एक जोराच्या धावा केल्यास अशा खेळाडूचे स्नायू निकामी होऊन तो कोसळू शकतो आणि त्यात जीवही जाऊ शकतो. सोल्युबिलिटीची साधी चाचणी व गरज पडल्यास एचपीएलसी एवढ्याने उलगडा होतो. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानामुळे तपासणीची सोयही वाढली आहे. वाहक असणे हे खेळ सोडण्याचे कारण नव्हे; हळूहळू वाढवलेला सराव, भरपूर पाणी व पुरेशी विश्रांती हे त्यावरील उत्तर आहे. सुरतेच्या दमट उन्हात हा नियम सर्वांनाच लागू आहे.

आपले कर्तव्य

आपल्या शेजारच्या डांग जिल्ह्यातील सरिता गायकवाड आधी खो-खो खेळत असत. धावण्याकडे वळल्यावर २०१८ च्या जाकार्ता आशियाई स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिलेचे सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात त्या होत्या. जानेवारी २०२५ मध्ये नवी दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या पुरुष व महिला अशा दोन्ही संघांनी जिंकला; प्रतीक वाईकर व प्रियंका इंगळे हे दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे. आपल्या वस्तीतील मुलांना ही वाट अपरिचित नाही.

म्हणूनच माझी व्यवसायबंधूंना विनंती आहे की, टाच दुखणाऱ्या मुलाच्या कागदावर सरसकट 'खेळ बंद' असे लिहू नये. ज्या घरात पाळी चुकवून मुलाला मैदानावर नेले जाते, तेथे डॉक्टरांचे हे दोन शब्द अखेरचे ठरतात. त्याऐवजी 'वजन बंद, धावणे निम्मे, पोटरीचे ताण रोज, तीन आठवड्यांनी भेट' असे लिहावे आणि एक प्रत शाळेतील सरांना द्यावी. पालकांनीही दुखणे लपवू नये आणि मुलाची झोप व आहार यांना सरावाइतकेच महत्त्व द्यावे. मूल वाढते आहे, याचे भान ठेवून दिलेले ओझेच त्याला पुढे नेते.