झोपलेला विषाणू आणि ‘टॅट’

तिसगावच्या एका रुग्णाने मला विचारले, “डॉक्टरसाहेब, तपासणीत एचआयव्ही सापडत नाही. आता गोळ्या बंद करू का?”

मुळीच नाही! हा विषाणू काही पेशींच्या गुणसूत्रांत झोपून राहतो. सुमारे १०० अमिनो आम्लांचे ‘टॅट’ हे त्याचे चिमुकले प्रथिन. ते नसेल तर विषाणूच्या आराखड्याची नक्कल सुरू होताच अडखळते. ते तयार झाले की नकला भराभर निघतात. ‘रेव्ह’ हे दुसरे प्रथिन लांब नकला पेशीकेंद्राबाहेर नेते आणि नवे विषाणू जन्मतात.

आजच्या गोळ्या टॅटला रोखत नाहीत. नव्या पेशींना होणारी लागण रोखतात. म्हणून गोळ्या थांबल्या की बहुधा काही आठवड्यांतच विषाणू उसळतो. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत ही औषधे मोफत मिळतात. एकही दिवस चुकवू नका.