गोठ्याच्या मैलाटाकीवरील पंप : बिघाडाची परीक्षा व उपाय

नागपूरच्या पूर्वेकडील कळमना भागात बाजार आवार, वस्ती आणि जनावरांचे गोठे एकमेकांस लागून असतात. अशा ठिकाणी गोठा धुतल्यानंतरचे शेणमूत टाकीत साठवून पंपाने शेतात किंवा खतखड्ड्यात नेणे ही सोयीची पद्धत होय. जनावराच्या मुत्रात नत्र व पालाश हे पिकास लवकर लागू पडणारे अंश विपुल असतात. स्फुरद मुख्यत्वे शेणात असते. यास्तव टाकीतील द्रव म्हणजे घाण नव्हे, ते खत आहे. पंप बंद पडून टाकी उतू गेली की हेच खत नाल्यात जाते. येथील नाले नाग व पिवळी या नद्यांना मिळतात आणि नाग नदी पुढे कन्हानला मिळते. म्हणजे एका शेतकऱ्याचे नुकसान ते खालच्या गावांचा उपद्रव ठरते.

प्रथम सावधगिरी

पंप तपासण्यापूर्वी मेन स्विच बंद करून फ्यूज काढून घ्यावेत व ते स्वतःजवळ ठेवावेत. मोटारीस अर्थिंग असलेच पाहिजे.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, कोणत्याही कारणास्तव टाकीत उतरू नये. कुजणाऱ्या शेणातून निघणाऱ्या वायूंपैकी हायड्रोजन सल्फाइड हा हवेपेक्षा जड व अत्यंत विषारी आहे. थोड्या प्रमाणात त्यास सडक्या अंड्यासारखा वास येतो. परंतु प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच नष्ट होते. म्हणून ‘वास येत नाही, तेव्हा धोका नाही’ हा समज प्राणघातक आहे. साचलेला गाळ ढवळताच हा वायू एकाएकी मोठ्या प्रमाणात मोकळा होतो. मिथेन वायू तर हवेत शेकडा 5 ते 15 या प्रमाणात असता ठिणगीने पेट घेतो. सबब टाकीजवळ विडी, काडी वा कंदील नेऊ नये.

बिघाडाची लक्षणे व कारणे

1. मोटार मुळीच चालू होत नाही. वीज आहे काय, फ्यूज शाबूत आहेत काय व स्टार्टर पडला आहे काय, हे क्रमाने पाहावे. तरंगत्या गोळ्याचा स्विच असल्यास तो गाळात अडकला आहे काय हे काठीने हलवून पाहावे. स्टार्टर वारंवार पडत असेल तर तो बळजबरीने दाबून धरू नये, मोटार जळते.

2. मोटार घुमते, पण फिरत नाही. तीन फेजांपैकी एक गेला असेल, किंवा पंख्यात काही अडकले असेल. एक फेजच्या मोटारीत कपॅसिटर निकामी झालेला असू शकतो. वीज तोडून दांडा हाताने फिरवून पाहावा. तो जड लागल्यास पंपाचे झाकण उघडून पंखा साफ करावा. बहुधा तणस, कुटार, सुतळी किंवा पोत्याचे धागे गुंडाळलेले आढळतात.

3. मोटार फिरते, पण द्रव येत नाही. टाकीबाहेर बसविलेल्या पंपात प्रथम पाणी पूर्ण भरलेले आहे काय हे पाहावे. भरलेले पाणी लगेच उतरत असल्यास फूट व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकला आहे. व्हॉल्व्ह नीट असूनही द्रव चढत नसेल तर शोषण नळीच्या सांध्यातून हवा शिरत असावी. सांध्यावर साबणाचे पाणी लावून पंप चालविल्यास फेस आत ओढला जातो. तीन फेजची मोटार उलट फिरत असल्यास वीज बंद करून कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करावी.

4. द्रव कमी येतो. पंखा झिजला असेल, नळी अर्धी तुंबली असेल किंवा द्रव फार दाट झाले असेल. हवेचा दाब साध्या पाण्याला सिद्धान्ततः सुमारे 10 मीटर चढवितो. प्रत्यक्षात 6 ते 7 मीटरांपलीकडे भरवसा नसतो. दाट शेणकाल्याकरिता पंप द्रवाच्या शक्य तितका जवळ बसवावा व काल्यात पाणी मिसळावे.

5. पंप थांबतच नाही. गोळ्याचा स्विच वर अडकला आहे असे समजावे. बुडीत पंप द्रवानेच थंड राहतो. टाकी रिकामी होऊनही तो चालत राहिल्यास मोटार तापून बिघडते.

सोपी मोजणी

पंप नवा असतानाच त्याची शक्ती मोजून भिंतीवर लिहून ठेवावी. टाकी 2 मीटर लांब व 2 मीटर रुंद असून 10 मिनिटांत पातळी 15 सेंटिमीटर उतरली, तर 600 लिटर द्रव उपसला गेला. दरमहा हीच मोजणी करावी. आकडा घसरू लागला की पंप बंद पडण्यापूर्वीच दोष कळतो.

नित्याची निगा

गोठ्याच्या नालीस जाळी बसवून ती रोज साफ करावी. निम्मे बिघाड येथेच टळतात. स्वच्छ पाण्याकरिता बनविलेला बंद पंख्याचा पंप या कामी वापरू नये. उघड्या पंख्याचा, गाळ सहन करणारा पंप घ्यावा. काम संपताच थोडे स्वच्छ पाणी पंपातून सोडावे. बुडीत पंप साखळीने वर काढावा, वीजवाहक तारेने कदापि ओढू नये. पावसाळ्यापूर्वी टाकी रिकामी करून तिचे झाकण मजबूत असल्याची खात्री करून घ्यावी.

कार्यकर्त्यांनी काय करावे

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी टाकी असलेल्या प्रत्येक गोठ्यास भेट देऊन वरील पाच लक्षणे प्रत्यक्ष पंपावर दाखवावीत. कोणी टाकीत पडल्यास दुसऱ्याने मागोमाग उडी घेऊ नये, हे घरातील बायामाणसांना व मुलांनाही सांगावे. अशा प्रसंगी वाचविण्यास गेलेलेच अनेकदा दगावतात. 112 किंवा अग्निशामक दलास 101 या क्रमांकावर त्वरित कळवावे. शौचालयाची सेप्टिक टाकी साफ करण्यासाठी संरक्षक साधनांविना माणसास आत उतरविणे 2013 च्या अधिनियमाने गुन्हा ठरविले आहे, हेही त्यांच्या लक्षात आणून द्यावे. पंप दुरुस्त होऊ शकतो, नवा मिळू शकतो. माणूस परत मिळत नाही.