मूल त्यात काय बोलणार?

मराठीच्या शिक्षकांना ऑनलाइन साधनं शिकवायची म्हटली की प्रशिक्षणाचा क्रम ठरलेला असतो. आधी साधनाचं नाव, मग खातं कसं उघडायचं, मग एक नमुना प्रश्नमंजुषा आणि शेवटी प्रमाणपत्र. मी लोहारा तालुक्यात पाचवी ते आठवीला मराठी शिकवते. अशी प्रशिक्षणं मी बरीच केली आहेत आणि त्यांतून हाती आलेल्या साधनांपैकी फार थोडी वर्गात टिकलेली पाहिली आहेत. जी टिकली, त्यांत मूल बोललं, ऐकलं, वाचलं किंवा लिहिलं. बाकीच्यांत ते नुसतं बोट टेकवत होतं. नव्याने सुरुवात करणाऱ्या भाषाशिक्षकांनी साधनाची झळाळी बघण्याआधी हे एवढं तपासावं, म्हणून हा खटाटोप.

चार पर्यायांची प्रश्नमंजुषा घ्या. घड्याळ पळतं, गुण चढतात, वर्ग दणाणून जातो. समानार्थी शब्द झाले, विरुद्धार्थी झाले. मग विचारावं, ‘ही कविता तुला का आवडली?’ की माना खाली. चारातून एक ओळखण्यात वाक्य रचावं लागत नाही, आणि भाषेचं मुख्य काम तर तेच आहे. यावर उपाय सोपा आहे आणि त्याला सगळ्या मुलांकडे मोबाइल असण्याची गरज नाही. एकच प्रश्न भिंतीवर दाखवा, मुलांना जोडीने बोलू द्या आणि बरोबर उत्तर विचारण्याऐवजी उरलेले तीन पर्याय का चुकतात ते सांगायला लावा. तास गोंगाटाचा होतो, पण तो गोंगाट मराठीतला असतो.

उत्तर टाइप करायला लावाल, तिथे वेगळी अडचण आहे. आठवीच्या एका मुलीने ‘दऱ्या’ हा शब्द अचूक लिहिला आणि साधनाने त्यावर लाल फुली मारली. कारण शोधताना कळलं की ‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. काही कीबोर्डांत त्यासाठी ऱ हे स्वतंत्र अक्षर येतं, काहींत साध्या र ला हलन्त देऊन मध्ये एक न दिसणारं जोडचिन्ह बसतं. डोळ्याला दोन्ही सारखेच, यंत्राला मात्र दोन निरनिराळे शब्द. ‘ॲ’ चंही तसंच. म्हणून टाइप केलेल्या मराठी उत्तरांचे गुण यंत्रावर सोपवू नका. उत्तरं गोळा करू द्या, तपासा तुम्ही. बरोबर लिहिणाऱ्या मुलाला चूक ठरवलं गेलं की त्याचा त्या शब्दावरचा विश्वास उडतो, आणि तो परत बसवायला फार वेळ लागतो.

जुन्या प्रश्नसंचांचीही हीच तऱ्हा. शाळेच्या संगणकावर वर्षानुवर्षं साठवलेल्या प्रश्नपत्रिका बहुतेक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमधल्या असतात. त्या ऑनलाइन अर्जात चिकटवल्या की रोमन अक्षरांचा चिखल होतो. त्या एकदा युनिकोडमध्ये बदलून घ्या. रूपांतर झाल्यावर जोडाक्षरं, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी नजरेखालून घाला, बिघाड बहुधा तिथेच होतो.

आता बोलण्याकडे येते, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिथली वाटते. मूल मोठ्याने वाचतं, फोन ऐकतो आणि चुकलेला शब्द दाखवतो, अशी साधनं आता मराठीतही आहेत. घरी वाचून घ्यायला कोणी नसलेल्या मुलाला त्यांचा खरा उपयोग होतो. पण आमच्या भागातलं मूल ‘मी शाळंला जाऊलालो’ असं बोलतं. उमरग्याकडच्या काही घरांत कन्नड चालते, तांड्यांवरची मुलं गोरबोलीत वाढतात. यंत्राचे कान प्रमाण भाषेवर तयार झालेले. बोलून टाइप करणाऱ्या एका साधनात वर्गातल्या मुलाने आपल्या बोलीतलं वाक्य उच्चारलं, पडद्यावर भलतंच उमटलं आणि वर्ग त्याच्यावर हसला. पुढे कितीतरी दिवस ते मूल उभं राहून वाचायला तयार होईना.

म्हणून माझा ठाम आग्रह आहे की अशी साधनं आधी एकेकट्या मुलासोबत वापरा, सगळ्या वर्गापुढे नको. पाठ्यपुस्तकातला उतारा वाचण्यापुरती ती वापरा, मुलाच्या स्वतःच्या बोलण्याची परीक्षा घ्यायला नव्हे. आणि पहिल्याच दिवशी मुलांना सांगा की या यंत्राला आपली बोली अजून येत नाही.

फोन कोणाच्या हातात असतो, हेही पाहायला हवं. दिवसा तो वडिलांसोबत रानात असतो, संध्याकाळी घरी येतो तोवर चार्जिंग संपलेलं असतं. कळंब, वाशी, भूम, परांडा या पट्ट्यातली कितीतरी घरं ऊसतोडीच्या हंगामात बाहेर जातात आणि फोनही त्यांच्याबरोबर जातो. मूल हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहिलं तर घरी करायची ऑनलाइन कृती त्याच्यासाठी नसतेच. ‘घरून लिंक उघडा’ म्हणण्याआधी वर्गातल्या किती मुलांना ते जमेल याची हजेरी घ्या. एकालाही जमणार नसेल तर ती कृती शाळेतच करा. ‘दीक्षा’ ॲपमधलं बरंचसं साहित्य आधी उतरवून नेटशिवाय चालवता येतं. बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिथेच उघडतात. २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ मिळालेल्या रणजितसिंह डिसले यांनी शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत पाठ्यपुस्तकाला हेच कोड जोडले, तेव्हा त्यांमागे कविता ऐकण्याची सोय होती. कवितेचा आवाज कानावर पडणं, हे भाषेचं काम झालं.

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त मराठी ज्या साधनाने बाहेर काढली, ते म्हणजे फोनमधलं साधं ध्वनिमुद्रण. त्याला नेट लागत नाही, खातं लागत नाही. आमच्या तालुक्यातलं सास्तूर ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपात उद्ध्वस्त झालं. किल्लारीचं नाव जगाला ठाऊक आहे, पण इथल्या घराघरांत त्या पहाटेची आठवण आहे. सातवी-आठवीच्या मुलांनी आजी-आजोबांना विचारावं, मुद्रण करावं आणि वर्गात ऐकून ते शब्दशः उतरवावं. मग त्याचाच दहा ओळींचा वृत्तान्त प्रमाण मराठीत लिहावा. एका कृतीत प्रश्न तयार करणं, लक्ष देऊन ऐकणं, बोली लिहून काढणं, सारांश करणं, सगळं येतं. बोलीतली वाक्यं लिहिताना विरामचिन्ह कुठे द्यायचं यावर मुलं भांडतात. व्याकरणाच्या तासाला असं भांडण मी क्वचित ऐकलं आहे.

पण इथे शिक्षकाने फार जपून राहायला हवं. ज्या घरात माणसं गेली, तिथे मूल भूकंपाचा प्रश्न घेऊन जाऊ नये. आधी तुम्ही स्वतः घरी जाऊन विचारा. नकार आला तर जुना बाजार, लग्नं, दुष्काळातलं पाणी असे दुसरे विषय आहेत. आणि मुद्रण कुठल्याही समूहावर किंवा संकेतस्थळावर टाकू नका. ते त्या घराचं आहे, आपल्या उपक्रमाचा पुरावा नव्हे.

याच कृतीत मुलांना न कळलेले शब्द पुष्कळ निघतात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दाते-कर्वे यांचा ‘महाराष्ट्र शब्दकोश’ शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर विनामूल्य शोधता येतात. आजीचा शब्द इतक्या जुन्या कोशात सापडला की मूल तो वहीत मोठ्या अक्षरात लिहितं. हे साधन कुठल्या प्रशिक्षणात कोणी दाखवलं नाही, आणि मला याचं वाईट वाटतं.

नोंदणीबद्दल कडक राहा. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानलं आहे आणि त्याची माहिती वापरण्यासाठी पालकांच्या पडताळता येणाऱ्या संमतीची अट घातली आहे. म्हणून मुलांना स्वतःची खाती उघडायला लावू नका. नावाऐवजी हजेरी क्रमांक द्या. फोटो, जन्मतारीख, आधार क्रमांक यांतलं काही मागणारं साधन तिथेच सोडून द्या, ते कितीही रंगीत असो.

शेवटची सूचना साठवणीची. विनामूल्य सेवा बंद होतात. गूगलचा जॅमबोर्ड जगभरच्या शिक्षकांनी वापरला आणि २०२४ च्या अखेरीस तो बंद झाला. मुलांचं लेखन एखाद्या ऑनलाइन फलकावर असेल तर दर महिन्याला ते पीडीएफ करून शाळेच्या संगणकावर उतरवा, दुसरी प्रत पेन ड्राइव्हवर ठेवा, आणि जे फार चांगलं उतरलं असेल ते छापून शाळेच्या हस्तलिखितात लावा. सत्र संपायची वाट पाहू नका, मे महिन्यात शाळेला कुलूप असतं आणि सेवा बंद होत असल्याची सूचना आली तरी ती वाचायला कोणी नसतं.