जॅम आधी भरावा की नंतर?

प्रश्न : यीस्टच्या पिठाच्या दोन चकत्यांमध्ये जॅम भरून डोनट तळले, की ते तेलात फुटतात आणि आतून कच्चे राहतात. कडा तर घट्ट दाबते. काय चुकतं?

उत्तर : दोष कडांचा नाही, क्रमाचा आहे. आधी तळा, मग भरा. जॅममध्ये पाणी असतं. १७०-१७५ अंश सेल्सिअसच्या तेलात त्याची वाफ होऊन ती सांधा उचकटते. शिवाय जॅमचा गार गोळा तापायला वेळ लागतो, तोवर बाहेर रंग चढतो आणि त्याला लागून असलेलं पीठ चिकटच राहतं. जर्मनीतल्या ‘बर्लिनर’ या जॅमच्या डोनटच्या कमरेला फिकट पट्टा दिसतो. पीठ इतकं हलकं फुगलेलं असतं, की तरंगताना तो भाग तेलाबाहेरच राहतो. तिथल्या बेकऱ्यांत जॅम सहसा तळल्यावर, नळीने भरतात.

पोलंडचे ‘पॉंचकी’ डोनट आधी भरूनही तळतात, मग आपलं काय बिघडतं, असं कुणी म्हणेल. पण त्यात आलुबुखारचा तासन्‌तास आटवलेला घट्ट गर असतो. आपला बाटलीतला जॅम उष्णता लागताच पाझरतो. नंतर भरताना डोनट फाटतो ही तक्रार मात्र खरी, कारण बहुतेकांना घाई असते. कोमट होऊ द्या, फिकट पट्ट्यातून विणायची सुई खुपसून आत गोल फिरवा, पोकळी झाली की मेंदीसारख्या कोनातून जॅम सोडा. हाताला जड लागला, की थांबा.