पिळलेली स्प्रिंग आणि जड दार

मोटारगाडी ठेवण्याच्या खोलीस, म्हणजे गॅरेजला, अमेरिकेंत बहुधा बाजूस उघडणारें दार नसतें. तेथील दार चार-पांच आडव्या फळ्या बिजागऱ्यांनीं जोडून केलेलें असतें. तें लहान चाकांवर रुळांतून वर सरकतें व छताखालीं आडवें होऊन राहतें. सी. जी. जॉन्सन या गृहस्थानें अशा प्रकारचें दार १९२१ सालीं प्रचारांत आणलें आणि १९२६ सालीं त्यास विजेचें यंत्र जोडलें. आपल्यांपैकीं अनेकांचे काका-मामा त्या देशांत राहतात. त्यांच्या घरीं गेल्यास हें दार पाहावयास मिळतें. पण इतकें दूर जाण्याचेंही कारण नाहीं. आपल्या बाजारपेठेंतील दुकानाचें गुंडाळतें शटर याच तत्त्वावर चालतें.

दोन गाड्यांच्या गॅरेजचें साधें पोलादी दार ७० किलो वजनाचें धरूं. तें दहा वर्षांचें मूल एका हातानें उचलतें, हें कसें? पुष्कळांची समजूत अशी असते कीं, विजेचें यंत्र तें उचलतें. ही समजूत चुकीची आहे. यंत्र केवळ दारास वाट दाखवितें. भार उचलते ती दाराच्या डोक्यावर पोलादी दांड्यांत ओंवलेली, घट्ट पिळून ठेवलेली स्प्रिंग. दांड्याच्या दोन्ही टोंकांस सुमारें १० सेंटिमीटर व्यासाचा एकेक ड्रम असतो. त्यावरून तारेचे दोर खालीं येऊन दाराच्या खालच्या कोपऱ्यांस अडकविलेले असतात. स्प्रिंग उलगडूं पाहते, दांडा फिरवूं लागते, आणि दोर दारास वर ओढतात.

आतां थोडें गणित. ड्रमचा परीघ सुमारें ३२ सेंटिमीटर, दाराची उंची २१३ सेंटिमीटर. म्हणून दार पुरतें वर जाण्यास दांड्याचे पावणेसात फेरे लागतात. दार वर असतांही दोर सैल पडूं नयेत, यासाठीं पाऊण फेरा अधिक धरला कीं साडेसात फेरे होतात. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञानें स्प्रिंगविषयींचा आपला नियम १६७६ सालीं अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपांत छापला व १६७८ सालीं त्याची उकल प्रसिद्ध केली. (दुसऱ्यानें शोध आपल्या नांवावर खपवूं नये, म्हणून त्या काळचे विद्वान् अशा युक्त्या करीत.) त्या नियमाप्रमाणें जितका पीळ अधिक तितका जोर अधिक. दार बंद असतां सर्व वजन दोरांवर असतें, तेव्हां पीळही सर्वांत जास्त असतो. दार जसजसें वर जाऊन आडव्या रुळांवर टेकतें, तसतसें दोरांवरील वजन कमी होतें, आणि त्याच प्रमाणांत स्प्रिंगचा जोरही उतरतो. दोहोंचा मेळ जवळजवळ सारखा राहतो. यंत्रविद्येंतील इतकी सुबक जुळणी विद्यार्थ्यांस फार थोड्या ठिकाणीं सांपडेल.

दाराचा मध्य एकंदरीत सुमारें १ मीटर वर जातो. तेव्हां साठविलेली शक्ति ७० गुणिलें ९·८ गुणिलें १·०५, म्हणजे सुमारें ७२० जूल. प्रौढ माणसास जमिनीवरून उचलून उंच मेजावर ठेवावें, एवढें हें काम झालें. आणि तें सर्व त्या वेटोळ्यांत दबा धरून बसलेलें असतें.

येथें एक गंमत सांगावीशी वाटते. हिला पिळाची स्प्रिंग म्हणतात खरें. पण तिची तार पिळली जात नाहीं, ती वांकविली जाते. उलट जी स्प्रिंग आपण लांब ताणतों, तिच्या तारेस मात्र पीळ पडतो. शिवाय पिळाच्या प्रत्येक फेऱ्यास एक वेटोळें वाढतें. तार ६ मिलिमीटर जाड असेल, तर साडेसात फेऱ्यांत स्प्रिंग सुमारें ४५ मिलिमीटर लांब होते.

अशी स्प्रिंग तुटते कां? एखादी तार पुनःपुन्हां वांकविली असतां ती शेवटीं तुटते, हें आपण सर्वांनीं करून पाहिलें आहे. धातूच्या या थकव्याचा पद्धतशीर अभ्यास जर्मन रेल्वे-इंजिनिअर ऑगस्ट व्होलर यानें एकोणिसाव्या शतकांत गाडीच्या आंसांवर केला. गॅरेजची सामान्य स्प्रिंग १०,००० वेळां दार उघडमीट होईल, या हिशेबानें बनवितात. दिवसांतून चार वेळां दार उघडल्यास २,५०० दिवस, म्हणजे सुमारें सात वर्षें. गंज चढल्यास त्याहून कमी. ती बहुधा दार बंद असतांच तुटते, कारण तेव्हां ताण सर्वाधिक असतो. मोठा आवाज होतो. वर पाहिलें तर वेटोळ्यांत दोन-तीन बोटें फट दिसते.

अशा वेळीं प्रथम काय करूं नये, तें पालकांनीं ध्यानांत ठेवावें. यंत्राचें बटण दाबूं नये. दार उघडें असतां स्प्रिंग तुटली असेल, तर यंत्रापासून दार सोडविणारी लोंबती दोरी मुळींच ओढूं नये. ओढतांच सर्व भार एकदम खालीं येईल. मुलांस व जनावरांस दूर ठेवावें.

नवी स्प्रिंग बसविणें हें शिकलेल्या कारागिरानेंच करावें, असें माझें स्पष्ट मत आहे. तरी तो काय करतो, हें घरधन्यास ठाऊक असावें. दार बंद करून यंत्राची वीज तोडावी, आणि रुळावर चाकाच्या वरच्या बाजूस पकड घट्ट बसवावी, म्हणजे दार अवचित उसळणार नाहीं. दोन स्प्रिंगांपैकीं एक शाबूत असल्यास तिच्यांत पीळ आहे, हें विसरून चालत नाहीं. तिच्या टोंकाच्या शंकूस चार भोंकें असतात. त्यांत बरोबर मापाची, सुमारें ४५ सेंटिमीटर लांबीची पोलादी सळई तळापर्यंत घालावयाची, तिच्यावर भार तोलून धरावयाचा, मगच आवळलेले स्क्रू सैल करावयाचे. नंतर पाव-पाव फेऱ्यानें पीळ उतरवावा. दुसरी सळई पुढच्या भोंकांत पक्की बसल्याखेरीज पहिली काढूं नये. शिडी बाजूस असावी, व तोंड सळईच्या फिरण्याच्या वाटेंत कधींही नसावें. सळईऐवजीं स्क्रू-ड्रायव्हर वापरणारा मनुष्य दिसला, तर त्यास तेथेंच थांबवावें.

माणूस फसतो तो येथें. वरील दारास दोन स्प्रिंगा असल्या, तर सळईच्या टोंकाशीं हातास लागणारा जोर चार किलोहून फारसा अधिक नसतो. काम सोपें वाटतें. परंतु सळई निसटली, कीं त्या स्प्रिंगेंतील सुमारें ३६० जूल शक्ति क्षणांत मोकळी होते, आणि सळई हात किंवा तोंड फोडते.

नव्या स्प्रिंगा मोजून घ्याव्या लागतात. दहा वेटोळीं एकमेकांस चिकटवून त्यांची लांबी मोजली व दहानें भागली, कीं तारेची जाडी कळते. शिवाय आंतला व्यास, एकंदर लांबी व वेटोळ्यांची दिशा पाहावी. डावी व उजवी स्प्रिंग एकमेकींच्या उलट असतात. एक तुटली तरी दोन्ही बदलाव्या, कारण दुसरीनेंही तितकेच फेरे सोसलेले असतात. पिळण्यापूर्वीं स्प्रिंगेवर खडूची सरळ रेघ ओढतात; पीळ भरतांना तिची नागमोडी होते, आणि जितके वेढे तितके फेरे असें मोजतां येतें. साडेसात फेऱ्यांचे तीस पाव-फेरे. ते झाल्यावर वेटोळीं एकमेकांवर घांसूं नयेत, म्हणून शंकु किंचित् बाहेर सरकवून स्क्रू आवळतात.

शेवटीं पकड काढून, यंत्र जोडण्यापूर्वीं, दार हातानें अर्ध्यावर उचलून सोडतात. तें तेथेंच राहिलें, तर पीळ बरोबर. खालीं येऊं लागलें, तर दार पुन्हां बंद करून व पकड लावून दोन्ही स्प्रिंगांस पाव फेरा वाढवितात. वर जाऊं लागलें, तर तितकाच उतरवितात. दुकानाच्या शटरचाही कस असाच पाहतां येतो. सकाळीं शटर उचलतांना दुकानदारास दोन्ही हात व गुडघा लावावा लागत असेल, तर आंतील एखादी स्प्रिंग गेलेली असण्याचा संभव आहे. तेव्हां शटरखालीं उभें न राहतां कारागिरास बोलवावें.